कायदा आणि कुटुंब : साक्षीदाराची ढाल

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, आणि ती खोटी आहे असे कोणी अनुभवी मनुष्य म्हणणार नाही. परंतु या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही की, पायरी चढावयाची की नाही हे आपल्या हाती असते. दावा लावणाऱ्याच्या हाती ते असते; साक्षीदाराच्या हाती मात्र ते मुळीच नसते. समन्स घेऊन शिपाई दारात उभा राहिला म्हणजे शहाण्यासही पायरी चढावी लागते, आणि पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर बोलावे लागते. आपण ना वादी, ना आरोपी, मग आपणास कशाचे भय, असे पुष्कळांस वाटते. परंतु विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात आपलाच एखादा दोष दडलेला असेल तर काय करावे, हा प्रश्न कित्येक सरळ मार्गाने चालणाऱ्या गृहस्थांच्या वाट्यास आलेला आहे. या महिन्याच्या सदरात त्याचाच विचार करावयाचा आहे.

विषय डोळ्यांपुढे यावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. तेथे एक एकत्र कुटुंब राहते असे समजा. थोरले बंधू शेती पाहतात. धाकटे बंधू सहकारी सोसायटीत हिशेब लिहितात. सोसायटीच्या चेअरमनांवर अपहाराचा खटला उभा राहिला आहे, आणि धाकट्यांस सरकार पक्षाचे साक्षीदार म्हणून कन्नडच्या कोर्टाचे समन्स आले आहे. अपहाराचा एक पैसाही त्यांनी घेतलेला नाही. मात्र तीन वर्षांपूर्वी चेअरमनांच्या सांगण्यावरून त्यांनी दोन पावत्यांवर मागील तारीख घातली होती. त्या वेळी ती गोष्ट क्षुल्लक वाटली. नोकरी टिकवावयाची तर एवढे करावेच लागते, असे त्यांनी मनाशी म्हटले. आता कोर्टात पहिला प्रश्न त्याच पावत्यांविषयी विचारला जाणार, हे उघड दिसते.

रात्री जेवणे उरकल्यावर घरात खल सुरू होतो. थोरले म्हणतात, "आठवत नाही म्हण आणि मोकळा हो. तीन वर्षांपूर्वीचे कोणास आठवते?" शहरात कॉलेजात शिकणारा पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही उत्तरच देऊ नका. स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क घटनेनेच दिला आहे." वृद्ध आई इतका वेळ गप्प असते, ती एवढेच विचारते, "खरे सांगितले म्हणून माझ्या लेकराच्या हाती बेडी पडेल का रे?"

या तिघांच्या बोलण्यास कायदा काय उत्तर देतो ते क्रमाने पाहू. प्रथम पुतण्याचे म्हणणे घेऊ, कारण ते ऐकावयास सर्वांत आधुनिक वाटते आणि ते अर्धेच खरे आहे.

कोणासही स्वतःच्या तोंडाने स्वतःस दोषी ठरविण्यास भाग पाडू नये, हे तत्त्व इंग्लंडात सतराव्या शतकातील झगड्यांतून रुजले. तेथील स्टार चेंबर नावाच्या न्यायसभेपुढे मनुष्यास आधी शपथ घ्यावयास लावीत आणि मग त्याच्यावर कोणता आरोप आहे हे न सांगताच प्रश्न विचारीत. जॉन लिलबर्न याने ती शपथ घेण्याचे नाकारले आणि त्याबद्दल चाबकाचे फटके सोसले. पुढे १६४१ साली पार्लमेंटने ती न्यायसभाच मोडून टाकली. अमेरिकेने १७९१ साली आपल्या घटनेत पाचवी दुरुस्ती करून हेच तत्त्व लिहून ठेवले, आणि तेथे साक्षीदारही त्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर नाकारू शकतो. परदेशी चित्रपट पाहून आपल्या तरुण मंडळींची जी समजूत झालेली असते, ती येथून आलेली आहे.

आपल्या घटनेच्या विसाव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडानेही हा हक्क दिला आहे. परंतु त्यातील शब्द नीट वाचावयास हवेत. तो हक्क अपराधाचा आरोप असलेल्या व्यक्तीस आहे. १९६१ साली 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी याचा विस्ताराने विचार केला, आणि जबाब देतेवेळीच ती व्यक्ती आरोपी असली पाहिजे, असे ठरविले. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, हेही त्याच निकालात सांगितले गेले. अर्थात आपल्या उदाहरणातील काकांवर आज कसलाच आरोप नसल्यामुळे या अनुच्छेदाचे छत्र त्यांच्या डोक्यावर येत नाही. कोर्टात "मी उत्तर देणार नाही" म्हणून ते हटून बसले, तर त्याबद्दल त्यांनाच शिक्षा होऊ शकेल.

मग साक्षीदारास काहीच आधार नाही काय? आधार आहे, परंतु तो मौनाचा नव्हे. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा ज्यांनी रचला, त्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी इंग्लंडचा रिवाज येथे उचलून आणला नाही. त्या कायद्याच्या १३२ व्या कलमाने दोन गोष्टी एकत्र बांधल्या. पहिली अशी की, वादातील मुद्द्याशी संबंधित प्रश्नाचे उत्तर दिल्याने आपणावर गुन्ह्याचा ठपका येईल, किंवा काही दंड वा जप्ती ओढवेल, या सबबीवर साक्षीदारास उत्तर टाळता येणार नाही. दुसरी गोष्ट त्या कलमाच्या परंतुकात आहे. अशा रीतीने जे उत्तर देण्यास साक्षीदारास भाग पाडले जाईल, त्या उत्तरावरून त्यास अटक करता येणार नाही, त्याच्यावर खटला भरता येणार नाही, आणि कोणत्याही फौजदारी कामात ते उत्तर त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येणार नाही. अपवाद एकच. ते उत्तर खोटे असेल, तर खोट्या साक्षीचा खटला भरता येईल.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याने घेतली आहे आणि हीच तरतूद त्याच्या १३७ व्या कलमात आली आहे. त्या तारखेपूर्वी ज्या कामांची सुनावणी चालू होती, त्यांस मात्र जुनेच कलम लागते. आकडा बदलला तरी सौदा तोच राहिला आहे. राज्य साक्षीदारास म्हणते, "तू सत्य दे, त्या सत्यावरून तुला तुरुंगात घालणार नाही, असे वचन मी देते." इंग्लंड-अमेरिकेत साक्षीदारास मौन मिळते, पण न्यायालय सत्यास मुकते. आपल्याकडे न्यायालयास सत्य मिळते आणि साक्षीदारास ढाल मिळते.

आता थोरल्या बंधूंच्या सल्ल्याकडे वळू. तो सल्ला प्रेमाने दिलेला आहे, आणि आपल्या समाजात तो इतका रूढ आहे की त्यास कोणी खोटेपणा म्हणतही नाही. परंतु आठवत असताना आठवत नाही म्हणणे ही शपथेवरची खोटी साक्ष होय, आणि न्यायालयीन कामात खोट्या साक्षीबद्दल सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितलेली आहे. शिवाय पावत्यांवरचे अक्षर काही विसरत नाही. अक्षर साक्षीदाराचेच आहे हे सिद्ध झाले, म्हणजे "आठवत नाही" हे उत्तर चेअरमनांस उपयोगी पडते आणि साक्षीदारास संशयाच्या जाळ्यात ओढते. येथे कायद्याची रचना फार विचारपूर्वक केलेली दिसते. खरे उत्तर कितीही लाजिरवाणे असले तरी ते ढालीच्या आत राहते. खोटे उत्तर कितीही साळसूद असले तरी ते ढालीच्या बाहेर पडते. धोका टाळण्याकरिता सांगितलेला हा मार्गच सर्वांत धोक्याचा आहे.

राहिला आईचा प्रश्न. त्याचे उत्तर केवळ कलमाच्या आकड्याने देता येत नाही, कारण आईस कलम नको असते. राज्याने दिलेला शब्द राज्य पाळते की नाही, हे तिला हवे असते. या बाबतीत महाराष्ट्राच्या पदरी एक फार मोठा अनुभव आहे. ज्या घरांतून मामलेदार, शिरस्तेदार आणि कारकून निघाले, त्या घरांनी तर तो विसरता कामा नये. तो अनुभव म्हणजे १८८८–८९ चे क्रॉफर्ड प्रकरण.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. १८६५ पासून १८७१ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. मुंबईत ज्यांच्या नावाची मंडई आहे, आणि जिला आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात, तेच हे क्रॉफर्ड. माणूस हुशार व कर्तबगार होता. परंतु हात सैल आणि कर्ज अफाट. पुढे पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर असता त्यांच्याविषयी कुजबुज वाढू लागली. मामलेदारास सोयीची बदली हवी असेल किंवा बढती हवी असेल, तर साहेबांकडे पैसे पोहोचविल्यावाचून काम होत नाही, असे लोक उघड म्हणू लागले. हा व्यवहार हणमंतराव नावाच्या हस्तकामार्फत चाले, असेही बोलले जाई.

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी करण्याचे ठरविले आणि ते काम ओमानी या अधिकाऱ्यावर सोपविले. परंतु चौकशी करणाऱ्यापुढे पहिलीच अडचण उभी राहिली. लाच दिल्याचे सांगणार कोण? ज्याने दिली तोच. आणि तो सांगणार कसा? लाच देणे हाही गुन्हाच. मामलेदाराने तोंड उघडले तर साहेब जातील, पण त्यांच्याबरोबर आपणही जाऊ, हे त्यास दिसत होते. म्हणून सरकारने अभयवचन दिले : जे खरे सांगतील, त्यांच्यावर त्या सांगण्यावरून खटला होणार नाही व त्यांच्या नोकरीसही धक्का लागणार नाही. या शब्दावर विश्वास ठेवून मामलेदार पुढे आले.

१८८८ च्या जुलैत क्रॉफर्ड यांस कामावरून दूर करण्यात आले. त्यांनी वेष पालटून निसटण्याचा प्रयत्न केला. तो फसून ते मुंबईत पकडले गेले. हणमंतरावांवर निराळा खटला होऊन त्यांस शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांची चौकशी मात्र कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील तिघांच्या कमिशनपुढे पुण्यात चालली. एकामागून एक मामलेदार पिंजऱ्यात उभे राहिले, आणि आपण किती पैसे कोणाकरवी दिले हे भर सभेत सांगू लागले. त्यांपैकी प्रत्येकाच्या मागे घर होते, वडीलधारी मंडळी होती, लग्नाच्या मुली होत्या. "मी लाच दिली" हे वाक्य चारचौघांत उच्चारणे त्या काळच्या अब्रूदार मनुष्यास किती कठीण गेले असेल, याची कल्पना आजही करता येते.

कमिशनने काय ठरविले? लाचेचे आरोप सिद्ध झाले नाहीत. अधिकाराखालील मुलखात कर्जे काढल्याचा दोष मात्र शाबीत झाला. मुंबई सरकारचे मत यापेक्षा कडक होते. अखेरीस क्रॉफर्ड यांस नोकरीतून काढण्यात आले. येथे प्रकरण संपावयास हवे होते. पण साक्षीदारांचे प्रकरण येथूनच सुरू झाले. इंग्रजी पत्रे आणि विलायतेतील पार्लमेंट यांतून ओरड उठली की, स्वतःच्या तोंडाने लाच दिल्याचे कबूल करणारे लोक मॅजिस्ट्रेटच्या आसनावर कसे बसू शकतात? या ओरडीस केवळ द्वेष म्हणून झटकून टाकता येत नाही. पैसे देऊन जागा मिळविणाऱ्या मनुष्यापुढे न्याय मागावयास जाणाऱ्या रयतेची बाजूही विचारात घ्यावी लागते. परंतु ज्याच्या शब्दावर विसंबून त्यांनी तोंड उघडले, ते सरकार आता काय करणार, हा खरा प्रश्न होता.

सरकारने अर्धा शब्द पाळला. १८८९ साली साक्षीदारांस खटले व दावे यांपासून वाचविणारा एक खास कायदा करण्यात आला, आणि त्यामुळे कोणास तुरुंगात जावे लागले नाही. परंतु भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी त्यांत भेद केला. दडपणाखाली पैसे देणारे निराळे आणि आपण होऊन, स्वतःच्या लाभासाठी देणारे निराळे, असे म्हणून दुसऱ्या वर्गातील मामलेदारांस नोकरीवरून दूर करण्यात आले. पुण्यात या अन्यायाविरुद्ध सभा भरली. त्या चळवळीत पुढाकार घेणाऱ्यांत बाळ गंगाधर टिळक हे तेहतीस वर्षांचे संपादक होते. त्यांचे म्हणणे असे होते की, लाच देणे चांगले की वाईट हा प्रश्न आता उरलेलाच नाही. दिलेले वचन पाळावयाचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. टिळकांच्या सार्वजनिक जीवनातील अगदी आरंभीच्या मोठ्या लढ्यांपैकी हा एक लढा होय, आणि तो साक्षीदारांकरिता होता.

या प्रकरणातून आपल्या विषयापुरत्या दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पहिली गोष्ट ढालीच्या रुंदीची. १३२ वे काय किंवा नवे १३७ वे काय, हे कलम तुरुंगापासून वाचविते. नोकरी, पद किंवा अब्रू यांविषयी ते काही बोलत नाही. कलमाचे दोन भाग ताडून पाहिले तर हे स्पष्ट होते. दंड किंवा जप्ती होईल ही सबबसुद्धा पहिल्या भागाने काढून घेतली आहे. परंतु दुसऱ्या भागातील संरक्षण अटक, खटला आणि फौजदारी कामातील पुरावा एवढ्यापुरतेच आहे. म्हणून देवगावच्या त्या गृहस्थांच्या उत्तरावरून सोसायटीने खात्यामार्फत चौकशी केली, तर "माझे उत्तर कोर्टातील आहे" असे म्हणून या कलमाची ढाल तेथे पुढे करता येणार नाही. तसेच ढाल उत्तरास आहे, कृत्यास नाही. त्या पावत्यांविषयी साक्षीदाराच्या बोलण्यावाचूनच स्वतंत्र पुरावा मिळाला, तर त्यावर खटला होऊ शकतो. आईस उत्तर द्यावयाचे तर असे द्यावे लागेल : खऱ्या उत्तरामुळे बेडी पडणार नाही, परंतु काहीच बिघडणार नाही, असेही नाही.

दुसरी गोष्ट ढाल उचलण्याची. परंतुकातील संरक्षण 'भाग पाडून' घेतलेल्या उत्तरास आहे. मग साक्षीदार आपण होऊन, काही हरकत न घेता बोलला तर? मद्रास हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १८८१ साली बहुमताने ठरविले की, साक्षीदाराने हरकत घेतली आणि कोर्टाने तरीही उत्तर देण्यास सांगितले, तरच ते भाग पाडलेले उत्तर होय. न्यायमूर्ती मुत्तुस्वामी अय्यर यांचे मत निराळे पडले; उत्तर नाकारण्याची मुभाच कायद्याने काढून घेतली असता प्रत्येक उत्तर हे भाग पाडलेलेच नव्हे काय, असा त्यांचा रोख होता. मुंबई हायकोर्टाने १८८८ साली, म्हणजे पुण्यात क्रॉफर्ड प्रकरण पेटले त्याच वर्षी, आपण होऊन दिलेले उत्तर आणि भाग पाडून घेतलेले उत्तर यांत भेद करून दुसऱ्यासच संरक्षण आहे असे म्हटले. त्या काळच्या अर्थाने पाहिले तर सरकारी अभयवचनावर आपण होऊन बोलणाऱ्या मामलेदारांस कलमाचा भरवसा फारसा नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्याकरिता निराळा कायदा करणे भाग पडले असावे, असे दिसते.

पुढील शंभर वर्षांत न्यायालयांची दृष्टी साक्षीदाराकडे अधिक उदारपणे वळली. १९६७ साली 'लक्ष्मीपत चोरारिया विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या सोन्याच्या चोरट्या व्यापाराच्या प्रकरणात एक विमानसेविका सरकार पक्षाची साक्षीदार होती. तिने स्वतःच सोने वाहून आणलेले होते. तिच्यावर खटला नाही आणि तिला रीतसर माफीही नाही, तेव्हा तिची साक्ष घेताच येणार नाही, अशी हरकत आरोपींनी घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ती मानली नाही. अशी व्यक्ती साक्षीदार होऊ शकते, आणि तिच्या उत्तरांस १३२ व्या कलमाच्या परंतुकाचे संरक्षण मिळते, असे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी सांगितले. यावरून माफीचा साक्षीदार आणि साधा साक्षीदार यांतील भेदही ध्यानात येईल. माफीच्या साक्षीदारास न्यायालय अटी घालून रीतसर क्षमा देते. गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे हा असा साक्षीदार होता. साध्या साक्षीदारास क्षमा मिळत नाही. त्याच्या उत्तरापुरते अभय मिळते.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील एका प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. सरकार पक्षाच्याच साक्षीदारास, त्याच्या साक्षीत आलेल्या कबुलीवरून, त्याच खटल्यात आरोपी म्हणून उभे करावे, असा अर्ज आरोपीने केला होता. न्यायालयाने परंतुकाचा आधार देऊन तो फेटाळला. आपल्या कल्पित कुटुंबातील आईस ज्या गोष्टीचे भय वाटत होते, ती नेमकी हीच.

तथापि घरच्या मंडळींस आमचे सांगणे असे की, निकाल उदार झाले म्हणून आपण गाफील राहू नये. ढाल भिंतीवर टांगलेली असली तरी लढाईत ती हाती घ्यावी लागते. प्रश्न आपल्यावर शेकणारा वाटला, म्हणजे उत्तर देण्यापूर्वी न्यायाधीशांकडे वळून नम्रपणे म्हणावे, "महाराज, या प्रश्नाचे उत्तर दिल्यास माझ्यावर दोष येण्याचा संभव आहे. आपली आज्ञा असल्यास मी खरे उत्तर देतो. मात्र माझी ही हरकत लिहून घ्यावी आणि मला कायद्याचे संरक्षण असावे." न्यायाधीशांनी उत्तर देण्यास सांगितले, की मग मात्र काही न लपविता, काही न वाढविता सांगावे. प्रश्न मुद्द्याशी संबंधित नसून केवळ साक्षीदाराची पत घालविण्याकरिता विचारलेला असेल, तर त्याचे उत्तर द्यावयास लावावयाचे की नाही हे न्यायाधीश ठरवितात. तेही त्यांस विचारण्यास संकोच नको. शेवटी जबानी वाचून दाखविली जाते, तेव्हा आपली हरकत तीत लिहिलेली आहे ना, हे कान देऊन ऐकावे.

कोर्टाचा नियम आणि पोलिसांचा नियम एकच आहे, अशीही समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती काढून टाकावी. पोलीस तपासात प्रश्न विचारतात, तेव्हा ज्याच्या उत्तराने आपल्यावर फौजदारी आरोप येण्याचा संभव आहे असा प्रश्न वगळून बाकीच्या प्रश्नांची खरी उत्तरे देण्यास आपण बांधलेले असतो. म्हणजे तेथे त्या एका प्रश्नापुरते मौन चालते. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या मौनाचे महत्त्व विस्ताराने सांगितले आहे. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करावयाची नसते, आणि पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे व साठ वर्षांवरील पुरुष यांस जबाबाकरिता ठाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी यावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांस व सुनांस हे मुद्दाम समजावून ठेवावे. थोडक्यात, ठाण्यावर मौनाची मुभा आहे आणि कोर्टात उत्तराची ढाल आहे. दोन्हींची अदलाबदल करू नये.

मनुष्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या पोटातील गोष्ट बाहेर काढण्याची हौस राज्यास जुनीच आहे. मराठेशाहीत साक्षी-पुरावा तोकडा पडला म्हणजे दिव्य करावयास लावीत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढणाऱ्याचा हात भाजला की तो खोटा ठरे. अलीकडे औषध टोचून बोलते करण्याची नार्को चाचणी निघाली. तेलगीच्या मुद्रांक प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली तिला मुभा दिली होती. परंतु ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात अशी चाचणी संमतीवाचून करता येणार नाही, असे सांगितले. आरोपी, संशयित आणि साक्षीदार या तिघांसही त्या निकालाचा आधार आहे.

हे हक्क सर्वत्र एकाच दिवशी आले असे नाही. ज्या वर्षी पुण्यात मामलेदारांची जबानी चालू होती, त्या वर्षी देवगाव रंगारी निजामाच्या राज्यात होते, आणि इंग्रज मुलखातील पुरावा कायदा तेथे चालत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले; २६ जानेवारी १९५० रोजी घटना लागू झाली; आणि १९५१ साली भारतीय पुरावा कायदा त्या मुलखास लागू करण्यात आला. म्हणजे मराठवाड्यातील घरांस ही ढाल मिळाली त्यास पाऊणशे वर्षेही पुरती झालेली नाहीत, तोच तिचा आकडा १३२ चा १३७ झाला. जुनी म्हातारी माणसे कोर्टास भितात, त्यास हा इतिहासही कारण आहे. पण आता भिण्यापेक्षा माहिती करून घेणे अधिक उपयोगी आहे.

घरी समन्स आले म्हणजे पहिल्या दिवशीच चांगल्या वकिलास भेटावे, आपला दोष त्याच्यापासून लपवू नये, आणि "आठवत नाही" हा शब्द ज्याला खरोखरच आठवत नाही त्याच्याकरिता राखून ठेवावा. मामलेदारांस जे वचन सरकारने दिले आणि अर्धे मोडले, ते एका गव्हर्नरच्या मर्जीवर उभे होते. आपणास मिळालेले वचन कायद्यात लिहिलेले आहे. ते जितके आहे तितके ओळखून मागून घेतले पाहिजे.

पती-पत्नींनी एकमेकांस विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी कोर्टात उघड करावयास लावता येतात काय, असाही प्रश्न याच विषयास लागून येतो. त्याचा विचार पुढील अंकी करू.